नंदूची वाक्यं

४ नोव्हेंबर, मंगळवार
नाटकाच्या तालमीवरून आले. डोकं उठलंय नुसतं. शिर्के एरवी इतका शहाणा माणूस, बँकेत कॅशियर, पण वेड्याचं काम म्हटलं की डोळे फिरवतो, केस ओढतो, हा हा हा करून हसतो. बाकीचे खूश! शेवटी ओरडलेच. "अहो, अशी नसतात हो वेडी माणसं!"
"मग कशी असतात, मॅडम?"
झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, शांत असतात. दारात उभी राहतात, एक पाय आत, एक बाहेर, अर्धा अर्धा तास. पाण्याचं भांडं हातात दिलं की विचारतात, "हे पाणी माझंच आहे ना?"
शिर्केंनी ते वाक्य म्हणून बघितलं. हुबेहूब. "हे घालाच नाटकात," म्हणाले, "कुठून सुचतं हो तुम्हाला?"
सुचतं म्हणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
नंदूचा वाढदिवस. सत्तेचाळीस. माझा धाकटा भाऊ सत्तेचाळीसचा, म्हणजे मी म्हातारीच झाले. शेवयांची खीर केली. दोन वाट्या खाल्ल्या, मग दाराकडे बघून म्हणाला, "ताई, आई नाही आली?" आईला जाऊन नऊ वर्षं झाली. नाही आली, एवढंच म्हटलं.
इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा सुरू झालं हे. स्किझोफ्रेनिया हा शब्द तेव्हा मला धड लिहिताही येत नव्हता. नाटकाच्या ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नाही. कॉलेजातही नाही. विचारलं की सांगते, भाऊ घरूनच काम करतो.
सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या फक्त माझ्या हातून घेतो. कामाला येणाऱ्या हिराबाईंनी दिल्या तर तोंड फिरवतो. डॉक्टर म्हणतात, हा विश्वास म्हणजे अर्धं औषध, जपा.

१० नोव्हेंबर, सोमवार
टी.वाय.च्या वर्गाला 'साहित्यातलं वेड' शिकवलं. दरवर्षीचंच. वेडी बाई विहिरीत उडी घेते, वेडा पुरुष गावाला खरं सुनावतो, वेड म्हणजे बंड वगैरे. सुकापूरची एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, गोष्टीतल्या वेड्यांचे कपडे कोण धुतं?" वर्ग खो खो हसला. मला नाही हसू आलं. तिला म्हटलं, बस, पुढच्या तासाला सांगते. काय सांगणार, कपाळ!
आम्हा लिहिणाऱ्यांना वेडा हवा असतो तो शहाण्यांहून शहाणा. काल दिवसभरात नंदू एकच वाक्य बोलला. "केळी संपली." काढा यातून तत्त्वज्ञान.
स्टाफरूममध्ये कुणीतरी परीक्षा विभागाला उद्देशून म्हणालं, यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायला हवं. मीही हसले. सवयीने.

१५ नोव्हेंबर, शनिवार
नाटकात आणखी सात वाक्यं घातली. सगळी नंदूची. काही कष्टच नाहीत, त्याच्यासमोर बसायचं आणि वही उघडी ठेवायची. त्याने विचारलं, "काय लिहितेस?" म्हटलं, कॉलेजचं.
हिराबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, तुमी भाऊंचं लिवता नं?"
"नाही हो, नाटक आहे ते."
"तेच म्हनते मी. त्यांना इचारलं का?"
"त्याला काय कळणार?" बोलून गेले.
"कलतं त्यांना. बोलत नाय, पन कलतं."
तोंडात मारल्यासारखं झालं. बारा वर्षं कामाला येतात, एवढा वेळ कधी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या नव्हत्या. तरी वाक्यं काढली नाहीत. चांगली आहेत. फार चांगली आहेत, तोच तर प्रश्न आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
दुपारी नाट्यस्पर्धेतला आमचा प्रयोग झाला. पाण्याच्या वाक्याला पहिल्यांदा लोक हसले, तेच दुसऱ्यांदा आलं तेव्हा कुणी हललंसुद्धा नाही. शेवटी बायका डोळे पुसत होत्या. मी विंगेत. खोटं कशाला बोलू, इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते.
दिवे लागले. चौथ्या रांगेत नंदू.
शेजारी आमच्या सोसायटीचे सावंतकाका, हात हलवताहेत. "म्हटलं, ताईंचं नाटक, हा घरी एकटा काय करेल, घेऊन आलो!" भला माणूस, त्यांना काय बोलणार. नंदू टाळ्या वाजवत होता. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्याच्या चालूच होत्या.
रिक्षात नवीन पनवेल येईपर्यंत विचारावंसं वाटत होतं, कसं वाटलं तुला. धीरच झाला नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी गोळ्या पुढे केल्या. त्याने माझ्या तळहाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"नको. तू लिहिशील."
संध्याकाळी पुन्हा तेच. हात मागे बांधून उभा.

२६ नोव्हेंबर, बुधवार
तिसरा दिवस, एक गोळी पोटात नाही. आणि आजच निकाल लागायचा होता. नाटक पहिलं, लेखनाचंही पहिलं, अंतिम फेरीत गेलो. फोन थांबत नाहीये. शिर्के पेढे घेऊन थेट घरी आले. आजवर ग्रुपमधल्या कुणालाही मी घराचं दार दाखवलेलं नाही.
दार नंदूने उघडलं आणि उघडून तिथेच उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. शिर्के बघतच राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला.
नंदूच बोलला. "तुम्ही छान केलंत. पण मी पाय एवढा बाहेर नाही टाकत." मग म्हणाला, "बसा ना."
शिर्के खुर्चीच्या कडेवर कसेबसे दोन मिनिटं बसले. लिफ्टपाशी मला म्हणाले, "मॅडम, सांगायचंत मला. पहिल्यांदा लोक हसले ना, तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. आणखी हसावेत म्हणून." भर पॅसेजमध्ये रडले. मला रडायलाही तोंड नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
नंदू भिंतीशी बोलायला लागलाय. हळू आवाजात, मी आले की गप्प. भिंतीवर विश्वास आहे, माझ्यावर नाही. बरोबरच आहे की, भिंत लिहून घेत नाही.
डॉक्टरांना भेटले. जबरदस्ती नको म्हणाले. जेवणात मिसळून तर मुळीच नको, एकदा कळलं की तुमच्या हातचं अन्नही सोडेल. आणखी आठवडाभर असंच चाललं तर दाखल करावं लागेल. मावशीचा फोन, "कर बाई दाखल, तू तरी सुटशील." मागच्या वेळी चौघांनी धरून नेलं होतं त्याला. परत आला तेव्हा दोन महिने मला ताई म्हटलं नव्हतं. परत तसं झालं तर नाही सोसवणार मला.
आणि हे सगळं कशापायी? सात-आठ वाक्यांपायी. लाज वाटते. खरंच लाज वाटते.

१ डिसेंबर, सोमवार
नाटक मागे घेतलं. ग्रुपमध्ये आरडाओरडा. "वेड लागलंय का तुम्हाला, मॅडम? फायनल आहे!" शिर्केंनी एकट्याने माझी बाजू घेतली, कारण मात्र सांगितलं नाही कुणाला. भला निघाला माणूस.
नंदूला सांगितलं, नाटक बंद केलं.
"माझ्यामुळे?"
"माझ्यामुळे."
जेवला नीट. गोळ्या नाहीच. मला आपलं वाटलं होतं, एवढं केलं की हात पुढे करेल. किती भाबडी मी, त्रेपन्नाव्या वर्षी.

३ डिसेंबर, बुधवार
सकाळी हीच वही उघडून बसले होते, तर पाठीमागे येऊन उभा.
"ही कसली?"
"रोजनिशी."
"यात मी आहे?"
थापा मारायची केवढी सवय मला, पण आज जीभच वळली नाही. आहेस, म्हटलं.
"सगळा?"
"बराचसा."
"दे."
संध्याकाळी देते म्हटलं. कॉलेजला दांडी. दिवसभर मागची पानं चाळतेय. देवा, काय काय लिहून ठेवलंय मी! कुठे तो ओझं आहे, कुठे मी पळून जायला निघालेय, एका पानावर तर त्याचं मरण मागितलंय आणि मग खोडलंय. खोडलेलं स्वच्छ वाचता येतं. ही पानं फाडून द्यावी का? हिराबाईंना विचारलं. म्हणाल्या, "फाडाल तर जास्तच घाबरतील. आदीच घाबरलेत ते, ताई."
घाबरलाय. इतक्या दिवसांत माझ्या हे डोक्यातसुद्धा आलं नाही. मी समजत होते रागावलाय.
नाही फाडली.
पाच वाजले. तो बाहेर टेबलाशी बसलाय. टेबल स्वतः पुसलंय, चष्मा लावलाय. गोळ्या तिथेच बशीत ठेवून आलेय. त्याने त्यांच्याकडे बघितलं, बशी दूर सरकवली नाही. हाक मारतोय. "ताई, झालं का लिहून?"
झालं. देते नेऊन. पेन पण मागितलंय त्याने.