तुझ्या रिपोर्टबद्दल

विद्यानगर, हैदराबाद
नोव्हेंबर २०१४

प्रिय अनंत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवून दिलं नसशील, तर आधी सांगते : इकडे सगळे बरे आहेत आणि मला तुला कसलाही जाब विचारायचा नाही. लातूरला तुझ्या लॉ कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचा पत्ता शांतानं दिला नाही. आधी त्याला विचारते, म्हणाली. तुझी बहीण आहे तशीच आहे.

इकडे सध्या सगळ्याची वाटणी चाललीय. राज्य जूनमध्ये दोन झालं, पण कचेऱ्या अजून मोडतायत. आमच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या कपाटांवर, पंख्यांवर, सूक्ष्मदर्शकांवर खडूच्या खुणा झाल्यात, हे तेलंगणाचं, ते आंध्रचं. परवा एक साहेब फ्रीझर उघडून उभे राहिले आणि साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांचीही लोकसंख्येच्या हिशेबानं वाटणी करा म्हणाले. मी भांडले. भांडायला मी अजूनही कमी पडत नाही. आमच्या घराला खरं तर या फाटाफुटीची सवय आहे. छप्पन साली मराठवाडा हैदराबादेतून निघाला, तेव्हा अंबाजी आजोबांचे भाऊ नांदेडला गेले आणि आजोबा कचेरीतल्या चपराशाच्या नोकरीसाठी इथंच राहिले. 'नक्शा कुठं जायचा तिकडं जाऊ दे, मी नक्को जात,' असं ते म्हणाले होते, हे माय अजून सांगते. मलाही विजयवाड्याला बढतीवर जाता आलं असतं. मी हैदराबादच मागून घेतलं.

त्या नमुन्यांसाठी मी एवढी का भांडले, ते सांगते. माझं काम म्हणजे बाजारात येणाऱ्या तपासणीच्या किटची परीक्षा घेणं. कुणाच्या रक्तात काय आहे हे आम्हाला खात्रीनं ठाऊक असतं, किटला ठाऊक नसतं. मग बघायचं, किट किती वेळा खरं बोलतं. आजारी माणसाला आजारी म्हणणं त्या मानानं सोपं. निरोग्याला निरोगी म्हणता येतं का, तिथं भल्याभल्या कंपन्यांची फजिती होते. यंदा आमच्याकडे जननेंद्रियाच्या हर्पीसची किट आली आहेत. तू इथवर वाचत आला असशील तर आता थांबू नकोस, अनंत. माझ्यासाठी थांबू नकोस.

तुला वकीलसाहेबांकडची आपल्या लग्नाची ती बैठक आठवते का, जामबागच्या तुमच्या घरातली? तुझे वडील, एवढे मोठे वकील, भर बैठकीत म्हणाले होते, पत्रिका आमच्यात बघतात, तुमच्यात बघत नाहीत, तर मग दोघांनी मिळून रक्त बघू. माझे बाबा किती खूश झाले होते. ब्राह्मणाच्या घरात सोयरीक, तीही पत्रिकेला फाटा देऊन. विद्यानगरच्या आमच्या गल्लीत ते महिनाभर तेच सांगत फिरत होते. एड्सच्या धास्तीचे दिवस होते, लॅबवाल्यानं एकाच्या जोडीला दहा तपासण्या लावल्या. रिपोर्ट ज्याचा त्याला, बंद पाकिटात. माझा साफ आला. तुझा कसा आला हे मी विचारलंसुद्धा नाही, कारण तू, म्हणजे तुझ्याबद्दल शंका कशाला येईल मला? आणि त्याच आठवड्यात तू लातूरची नोकरी धरलीस. लग्न करायचं नाही, एवढाच निरोप आला, तोही शांताच्या हातून.

आमच्या घरात त्याचं निदान एका रात्रीत झालं. बाबा म्हणाले, जात आडवी आली, दुसरं काय. माय म्हणाली, बामनाचं लेकरू ऐनवेळी फिरलं. हे निदान आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि बहुतेक वेळा बरोबरच ठरतं, म्हणून कुणी पुन्हा तपासायच्या भानगडीत पडलं नाही. मीही तेच धरून बसले. रागावर माणूस बरीच वर्षं काढू शकतो. स्थळं येत होती, मी नाही म्हणत होते, आणि लोकांना वाटत होतं मला नोकरीचं वेड आहे.

गेल्या महिन्यात शांता हिमायतनगरहून प्रयोगशाळेत आली. तिच्या मुलीचं ठरतंय. तुमच्या घरात पत्रिकेऐवजी रक्त बघायची रीत आता पक्की झालीय, बापानं घातलेली रीत मुलं मोडत नाहीत. कुठल्या लॅबमध्ये जाऊ, असं विचारायला आली होती. आणि बोलता बोलता बोलून गेली, 'पद्मा, भ्या वाटतंय गं. आमच्या अनंताच्या रिपोर्टात ते घाण निघालं होतं, तसं पोरीचं नक्को व्हायला.' मग तिचं तिलाच कळलं. पदर तोंडाला लावून बसली. मी तिला पाणी दिलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. तू कुणाजवळही गेला नव्हतास, हे तू तिला शपथेवर सांगितलं होतंस. पण पद्माला कसं पटणार, असं म्हणाला होतास.

आता मी काय सांगते ते वकिलासारखं ऐक. हर्पीसचे विषाणू दोन, सख्खी भावंडं. एक बहुतेक ओठावर राहतो, लहानपणीच कुणाच्या तरी लाडातून येतो, आणि देशातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या अंगात असतो. दुसरा शरीरसंबंधातून येणारा, ज्याचं नाव तुझ्या रिपोर्टात होतं. त्या काळच्या पुष्कळ किटना ही भावंडं वेगळी ओळखता येत नव्हती. रक्तात कुठल्याही एकाची खूण सापडली की ती बोट वर करायची. आणि तुला, परीक्षा आली, खटला आला, काही मनाला लागलं, की ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर फोड उठायचा. रुमाल धरून हिंडायचास.

रक्त देऊन आलो त्या दुपारीही उठला होता. तुमच्या जिन्यात मी तो रुमाल ओढून घेतला, आठवतं? नको, लागेल तुला, म्हणालास. मी ऐकलं नाही. पुढच्या आठवड्यात तू निघून गेलास आणि माझ्या ओठावर पहिल्यांदा तसाच फोड आला. झोपेत कोळी फिरला असेल, माय म्हणाली. तेव्हापासून दर थंडीत तो येतो, आणि दर थंडीत मी आरशापुढे जरा जास्त वेळ उभी राहते. तुझ्याकडचं माझ्यापाशी तेवढंच आहे. शांता गेल्यावर मी माझं स्वतःचं रक्त काढलं. जुन्या पद्धतीच्या किटनं मला तेच सांगितलं, जे तुला सांगितलं होतं. नव्या किटनं सांगितलं, फक्त ओठावरचा. दोन्ही निकाल मी टेबलावर ठेवले आणि दार लावून रडले.

तरी मी या कामातली माणूस आहे, तुझं रक्त न बघता तुझा रिपोर्ट खोटा होता असं छातीठोक म्हणणार नाही. तू आलास तर तपासून देईन. फ्रीझरची वाटणी अजून झालेली नाही, किट शिल्लक आहेत. पण त्यासाठी मी हे लिहायला बसले नाही. तो आजार खरा असता, तरी तो आजारच होता, गुन्हा नव्हता. पाकीट उघडलंस तेव्हा तू मनातल्या मनात मला काहीतरी विचारलं असशील आणि माझ्या वतीनं उत्तरही देऊन टाकलं असशील. विजयवाड्याला मी गेले नाही, कारण कधी विचारावंसं वाटलं तर तुला माझा हाच एक पत्ता माहीत आहे. तू विचारलं नाहीस, म्हणून माझं उत्तर इतकी वर्षं राहून गेलं. तो रिपोर्ट खरा असता तरी मी तुझ्याशी लग्न केलं असतं.

अजून तुझीच,
पद्मावती