शेवंतीला रात्र होऊ द्या

तीर्थस्वरूप श्रीपतीदादांना धाकट्या रामप्रसादचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींची शुगर ताब्यात असेल असं धरून चालतो. इकडं माय धडधाकट आहे, मी मात्र संतापलेला आहे. फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता, म्हणून हे पत्र.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला श्रावणात तुम्ही आपल्या बांधालगतच्या मारुतीसमोर एलईडी फोकस बसवलात. खांबावर 'कै. पुंजाराम यांच्या स्मरणार्थ' आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तुमचं नाव (माझं नाही, त्याचं काही नाही). गावानं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या उजेडाच्या टप्प्यात माझी अर्धा एकर शेवंती येते, हे ना तुमच्या ध्यानात आलं ना माझ्या. दसरा आला तरी कळी नाही. झाडं कमरेला लागली, पण सगळा पालाच. मी खत वाढवलं, पाला वाढला. मग मंठ्याला जाऊन रोपवाटिकेवाल्याला चार गिऱ्हाइकांसमोर लबाड म्हणालो. त्यानं मला पाणी पाजलं आणि माझ्याबरोबर शेत बघायला आला (भला माणूस, आता त्याच्या दारावरून जायची लाज वाटते). बघतो तर काय, फोकस लागला की पाण्याच्या टाकीची सावली जिथं पडते तेवढाच पट्टा पिवळाधमक फुललेला, आणि तोही त्याच्याच रोपांचा.

शेवटी उलगडा केला आमच्या लेकीनं, तृप्तीनं. ती कृषी कॉलेजात शिकते. तिचं म्हणणं, झाडाच्या पानापानांत घड्याळ असतं. सकाळ कधी होणार हे त्याला आधीच ठाऊक असतं आणि रात्र किती लांबली हेही ते मोजतं. रात्र पुरेशी लांबली की शेवंती कळी धरते. तुमच्या कृपेनं तिला दोन महिने रात्रच झालेली नाही. ती बिचारी अजून उन्हाळाच समजून पाला काढते आहे. माणसाला झोप मिळाली नाही तर तो निदान चिडतो तरी (तिच्या वतीनं मी चिडतो आहे). दादा, दसऱ्याचा बाजार गेला, दिवाळीचाही जाणार. आजपासून रोज पुरता अंधार मिळाला तर मार्गशीर्षातले गुरुवार तरी हाती लागतील, असं तृप्ती म्हणते.

आपला संतप्त पण आज्ञाधारक,
रामप्रसाद

ता. क. खटका तुझ्या हाताशी आहे, मग बंद का करत नाहीस, असं तुम्ही विचाराल. केला होता. पण माय रोज संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसते. खांबावरच्या वडिलांच्या नावाकडं बघत म्हणाली, "कामून बंद करून राह्यला? रातभर त्यायला त्यायचं वावर दिसू दे." दिव्याला पत्रा आडवा लावतो म्हणालो, तर तेही न्हाईच. तिची समजूत घालायला तुम्हीच या. थोरल्याचं ती ऐकते.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. परवा फोकस आपोआप उडाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण माय दोन्ही संध्याकाळी अंधारात ओट्यावर बसून राहिली आणि जेवायला उठली नाही. तुम्ही येऊ नका. तसलाच फोकस जल्दी पाठवा. मंठ्यात मिळतो तो कमी उजेडाचा आहे, त्यात वावराचं पलीकडचं टोक दिसत नाही.