थाळीनंतरची शांतता

मालती श्रीधर आपटीकर, तुझे पूर्ण नाव असे सलग लिहिताना मला अवघडल्यासारखे होत आहे. उभ्या संसारात मी तुला नावाने क्वचितच हाक मारली, आणि तू मला 'अहो'खेरीज काही म्हटले नाहीस. मावळातल्या त्या छोट्या रेडिओ केंद्राने श्रोत्यांची समिती नेमून तीत आपल्या दोघांना घेतले, तेव्हा निवेदिकेने तुझे नाव असे वाचले होते. तू लसूण सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कोण हो या बाई? बऱ्याच मोठ्या दिसतात." तुला जाऊन आता बरीच वर्षे झाली. आज समितीच्या बैठकीत जे घडले ते ज्याला सांगावे असे दुसरे कोणी मला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आपले काम तसे साधे होते. गावोगावची माणसे चार-पाच मिनिटांचे तुकडे स्वतः ध्वनिमुद्रित करून केंद्राला देत. ते प्रसारित करण्याजोगे आहेत किंवा नाहीत, एवढे श्रोता म्हणून आपण सांगायचे. मी टेबलाशी ताठ बसून उच्चार, मांडणी आणि ध्वनीची स्पष्टता यांना वेगवेगळे गुण देत असे. तू ओट्याशी उभी राहून भाजी निवडत असायचीस, आणि तुझी पद्धत मला प्रारंभी अत्यंत बेशिस्त वाटे. ऐकताना हात थांबला तर तुकडा चांगला. नाही थांबला तर नाही. बेडशाच्या एका गृहस्थांनी लेण्यांविषयी केलेले निवेदन मला निर्दोष वाटले होते. तू मेथीची जुडी संपवलीस आणि म्हणालीस, "हात नाही थांबला माझा. बाकी तुमचं चालू द्या." त्याच आठवड्यात तिकोणा पेठेच्या एका बाईंचा तुकडा आला. धरणाचे पाणी चढले तेव्हा शेताचा बांध शेवटचा कसा दिसला, हे त्या सांगत होत्या. मध्येच कुणाच्या तरी गाडीचा कर्णा वाजला आणि मी लगेच गुण कापले. मग सहज पाहिले, तर तुझ्या हातातली भाजीची काडी तशीच होती. तू म्हणालीस, "तुम्ही ऐकत नाही हो, तपासता. त्या बाईंची वही आहे का ती?"

ते मला लागले. पुढे मात्र मी तुझ्या हातांकडे पाहूनच मत देऊ लागलो, आणि समितीत माझ्या जाणकारीचे कौतुक होऊ लागले. तुला त्याची गंमत वाटे. "मार्क माझे आणि सत्कार यांचा," असे तू शेजारणीला सांगितलेले मी जिन्यातून ऐकले आहे.

तुझ्या आजारपणात तुकडे ऐकायचे यंत्र पलंगाजवळ आले. पांघरुणाच्या काठावर तुझे बोट सारखे हलत असे, आणि मी ते बोट पाहत तुकडे लावत असे. एका दुपारी बाहेर दाट धुके आहे, समोरची इमारतसुद्धा दिसत नाही, आणि एक तुकडा चालू असताना ते बोट थांबते. मी शेवटपर्यंत वाट पाहतो. मग विचारतो, "आवडला?" तुला झोप लागलेली असते. तो निकाल होता की थकवा, हे मला कळले नाही. पुन्हा विचारण्याची वेळ आली नाही.

त्यानंतरही मी समितीत राहिलो. इतरांचे मत आधी ऐकायचे आणि आपले त्याच्या आसपास ठेवायचे, हे शिष्टाचाराला धरूनच असल्याने कोणाला काही वावगे वाटले नाही. आज तसे करता आले नाही.

बाजारामागच्या त्या खोलीत आम्ही तिघे होतो: केंद्राच्या संचालिका बाई, चिक्कीचे दुकान चालवणाऱ्या मावशी आणि मी. तुकडा लोहगडवाडीच्या एका बाईंचा होता, आणि या वेळी त्या स्वतः आल्या होत्या. गडावर जाणाऱ्यांना त्या पिठले-भाकरी करून घालतात. धुक्यात माणसे वाट चुकली की त्यांच्या सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून थाळी बडवत आणि हाका मारत. त्या आवाजाच्या रोखाने माणसे खाली येत. सासूबाई नुकत्याच वारल्या. तुकड्यात त्यांचा आवाज होता. "ओऽ... हितं या, हितं..." मग थाळी. आणि थाळीनंतर काहीच नाही. चुलीतले लाकूड तडकते, पागोळी गळते, आणि तसेच बराच वेळ चालत राहते. मग तुकडा संपतो.

"शेवटचं कापावं लागेल," संचालिका बाई म्हणाल्या. "रेडिओवर इतका वेळ गप्प राहिलं, तर लोकांना वाटतं केंद्र बंद पडलं."

"मलाबी तसंच वाटलं आधी," मावशी म्हणाल्या. "पर मी दुकानात असते ना, तर गिऱ्हाईकाला म्हटलं असतं, थांब जरा. राहू द्या तसंच."

त्यावर लोहगडवाडीच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आत्या थाळी वाजवायच्या आन् मग आमाला दटावायच्या, गप बसा रं समदे. वरनं कुणी वो देतंय का ते ऐकाया. त्ये कापलं, तर म्हातारीनं नुस्ती थाळीच बडवली की. मग नगं. मी घिऊन जाते माघारी."

दोघींची मते दोन बाजूंना पडली होती. निर्णय माझ्यावर आला. त्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमी सांगा. तुमास्नी लय कळतं म्हनत्यात. आत्यांचं ह्ये येवढंच हाय माज्यापाशी."

मी तुकडा पुन्हा लावायला सांगितला. हाक गेली, थाळी वाजली, ती शांतता सुरू झाली. मी सवयीने मान उजवीकडे वळवली. तिथे भिंत होती आणि केंद्राच्या दिनदर्शिकेचे पान. मी मावशींच्या हातांकडे पाहिले; ते पदरात होते. माझ्या स्वतःच्या हातात पेन होते आणि ते थांबलेलेच होते, कारण ते चालू कधी झालेच नव्हते. ती शांतता मला भरलेली वाटली की नुसती रिकामी, हे मला खरोखर सांगता येईना. 'राहू द्या' म्हणणे सोपे होते. पण ती त्या बाईंवर केलेली दया झाली असती. त्यांनी दया मागितली नव्हती, त्यांनी मत मागितले होते.

"मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

"म्हंजी कापायचं?"

"नाही. मला खरोखरच सांगता येत नाही."

मते विभागली की तुकडा थांबवून ठेवायचा, असा नियम आहे. संचालिका बाईंनी तो सौम्यपणे सांगितला. लोहगडवाडीच्या बाई माझ्यावर रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या पिशवी उचलत एवढेच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमचाबी इलाज न्हाई." आणि मळवलीची गाडी गाठायला निघून गेल्या. मागोमाग मावशीही दुकान उघडायला गेल्या.

समितीतून माझे नाव कमी करावे, असे मी संचालिका बाईंना सांगितले. त्यांनी कारण विचारले. मी प्रकृतीचे दिले. हे पत्र कोठे पाठवायचे नाही, त्यामुळे येथे खरे लिहिण्यास हरकत नसावी. संचालिका बाई किल्ल्या माझ्याकडे ठेवून गेल्यावर मी एकट्याने तो तुकडा आणखी एकदा ऐकला. तो मला आवडला की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. मग खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातले आणि किल्ल्या खालच्या दुकानात परत दिल्या.