जुन्या डिस्कमधली सोमी

अहेरी, मंगळवार, संध्याकाळ

लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो तो लॅपटॉप आता पार रडून राह्यला. दुकानदार म्हणे, "भाऊ, आतली जुनी फिरती डिस्क काढा, एसएसडी टाका. पाचशे जीबीवाला स्वस्तात बसते. जागा कमी पडन, तं जुनी लग्नं उडवून टाका, कोण पाह्यते?"

कोण पाह्यते? आज दुपारी जंगलातल्या एका गावातून म्हातारे बाबा आले. त्यांची पोरगी सोमी तापानं गेली. घरी तिचा एक फोटो नाई. शेजारच्या लग्नात नाचली होती, तेवढंच. ते शूटिंग माझं.

व्हिडिओ लावला. रेला नाचाच्या रांगेत सोमी आली, मागं वळून हसली, आणि तिथंच डिस्क अडकली. चित्र हलेचना. मले लाज वाटली. बाबा मात्र स्क्रीनजवळ सरकले. "बरं थांबवलं, भाऊ," म्हणे. मी तोच चेहरा छापून दिला.

आता घेईन तर दुप्पट जागेचा, एक टीबीवालाच. तेवढ्याच पैशात थोडा हळू भेटला तरी चालते, पण काईच उडवायचं नाई. तरी हळूतला हळू एसएसडी बी या डिस्कपेक्षा जोरात पळते. त्याच्यावर सोमी थांबणार नाई. हसेल आणि निघून जाईल.