धोका कोणापासून?

जळोची,
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप तात्यांना,

राजेश्वरीचा साष्टांग नमस्कार. आम्ही तिघं इकडं बरे आहोत. तुमच्या गुडघ्याला आता उतार आहे का? तानूआत्यांनी पाठवलेले हुलगे संपत आले. संस्कृती दर दोन दिवसांनी त्यांचं गरम माडगं प्यायला मागते. तिची दहावीची सराव परीक्षा चालू आहे. ह्यांचे दोन्ही जेसीबी कामावर आहेत. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ते भरलेत, त्यामुळे गावात जायचं म्हटलं तरी अर्धा दिवस जातो.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी मोठ्यानं बोलले की सगळ्या घराला ऐकू जातं. सध्या काही गोष्टी घराला ऐकू जाऊ नयेत असं वाटतं, म्हणून लिहिते.

आधी एक सांगते. खंडेनवमीला ज्यावरून तुम्ही पानावरून उठून गेलात, ते पिस्तूल आता घरात नाही. कोयत्या-खुरप्यांच्या शेजारी ह्यांनी ते मांडलं, तुम्ही म्हणालात, "हे आपल्या घरचं हत्यार न्हवं," आणि पुढं तुम्ही दोघं जे बोलायला नको ते बोललात. तेव्हापासून तुम्ही निरवांगी सोडून इकडं आला नाहीत. तर ते सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे. परवाना कर्नाटकातला, होसपेटला खडीक्रशर होता तेव्हाचा. दुसऱ्या राज्यात राहायला आलं की इथल्या कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते. त्यात मुदतही संपलेली, म्हणून नूतनीकरणही इथंच. ह्यांना वाटलं होतं, सही-शिक्क्याचं काम आहे. पण साहेबांनी समोर बसवून एवढंच विचारलं, "तिकडं होतात तेव्हा ठीक. इथं तुम्हाला धोका कोणापासून?" ह्यांना काही सांगता आलं नाही.

मग विजयसिंह नावाचे हवालदार चौकशीला आले. घराघरांत विचारून गेले, "ह्या साहेबांना कुणाची भीती हाय का? का ह्यांचीच कुणाला भीती हाय?" तेव्हापासून गल्लीतली माणसं बोलताना आधी ह्यांच्या कमरेकडं बघतात. अहवाल गेला तो असा, की धोका आढळत नाही. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

आणि गेल्या गुरुवारी ते घडलं. भिगवणला एका हॉटेलच्या पायाचं काम बघून हे संध्याकाळी परत येत होते. वाटेत मोटारसायकलवरच्या दोघांनी गाडीवर दगड घातला. तोंडं बांधलेली होती म्हणे. मागची सगळी काच गेली.

पोलीस आले, "कुणाशी भांडण?" म्हणून विचारलं. मग मी सांगितलं. आमच्या प्लॉटमागं शेरडं-मेंढरं राखणारे बिरूभाऊ तुम्हाला माहीतच आहेत. दिवाळीत ह्यांनी तारेचं कुंपण घातलं आणि त्यांच्या जनावरांची वाट बंद झाली. तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "आज तू तार घाल, उद्या आमी बघू." मी कानांनी ऐकलं तेच सांगितलं. त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता फाटकावर कॅमेरा बसवला आहे. दूधवाला बदलला. तो आत डोकावून बघायचा असं मला वाटायला लागलं होतं. संस्कृतीला सांगितलं आहे, बिरूभाऊंच्या स्वरालीबरोबर क्लासला जायचं नाही. ती रडली, पण तिला काय कळतं?

होसपेटला कधी असं काही झालं होतं का, असं तुम्ही विचाराल. तिकडचं तिकडं राहिलं, तात्या. ते कधीतरी भेटल्यावर.

भर दुपारी दाराला आतून कडी घालून हे लिहिलं आहे.

तुमची सून,
राजेश्वरी


जळोची,
२६ जानेवारी २०२५

तीर्थरूप तात्यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही लिहिलंत, "बिरूचा बा आपल्या रानात मेंढरं बसवायचा. बिरूला मी लंगोटात बघितलाय. तो तोंडानं बोलंल, दगूड न्हाय घालणार. कुणी डोळ्यानं बघितलं व्हतं का?" ते वाचून मला तुमचा राग आला होता. वाटलं, पोटच्या मुलावर दगड पडला आणि तात्यांना दुसऱ्याचा पुळका. तो राग आता राहिलेला नाही. का ते सांगते.

बिरूभाऊंना पोलीस घेऊन गेले. सकाळी नेलं, संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी परत तसंच. मारलं वगैरे नाही, बाकावर बसवून ठेवलं. पण जळोचीभर झालं, बिरूला उचललं. त्यांची शेरडं दिवसभर खुंट्याला ओरडत होती. त्यांची बायको सारजाबाई एकटी कुठं कुठं पुरणार?

ती फाटकाशी आली. कॅमेऱ्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, आमच्या मालकाला तुमी डोळ्यानं बघितलं का?"

मी म्हणाले, "पोलीस काय ते बघतील."

"पोलीस तुमच्या तोंडाकडं बघून आलं," एवढंच बोलली आणि वळली. भांडली असती तर बरं झालं असतं.

नंतर विजयसिंह हवालदार आले. हे घरी नव्हते. चहा नको म्हणाले, उभ्यानंच बोलले. "वहिनी, साहेब जी जागा सांगत्यात तितं दोनदा जाऊन आलो. काचेचा एक कण न्हाय. रस्त्यावर एवढी काच फुटली तर कडंला तरी सापडंल का न्हाय?"

मी म्हणाले, उसाच्या गाड्यांच्या चाकांनी गेली असेल. माझं मलाच ते पटलं नाही.

तात्या, दोन दिवसांनी मी पोतं आणायला जेसीबीच्या शेडमध्ये गेले. डिझेलच्या पिंपामागं काच होती. गाडीच्या काचेचे असतात तसे बारीक चौकोनी दाणे, झाडून एका कोपऱ्याला लोटलेले. गाडीत उरलेली काच ह्यांनी इथं आणून झाडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या दिवशी काच फुटलेली गाडी अंगणात उभी होती आणि सकाळी तिथूनच गॅरेजला गेली. माझ्यासमोर. शेडकडं ती नंतर वळलीच नाही. गेली असेल तर ती घरी येण्याआधी.

मी अजून ह्यांना काही विचारलेलं नाही. जेवायला वाढते, तेव्हा ह्यांच्या हातांकडं बघते. हे फोनवर बोलायला बाहेर गेले, की मी भांडी घासायची थांबते. पूर्वी ह्यांच्या पावलांचा आवाज कसा आहे, हे मला सांगता आलं नसतं. आता कुठल्या खोलीत आहेत हेही कळतं. दोन आठवडे मी बाहेरच्या माणसांवर पाळत ठेवली, आणि आता कुणावर ठेवते आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक विचारते, रागावू नका. लहानपणी हे खोटं बोलायचे का?

वाचून झालं की हे पत्र चुलीत घाला. तानूआत्यांनाही दाखवू नका.

राजेश्वरी


जळोची,
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप तात्यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं उत्तर दोनच ओळींचं होतं. "खोटं कमीच बोलायचा. भ्याला की बोलायचा." ते वाचलं नसतं तर मी भांडायला गेले असते आणि काहीच हाती लागलं नसतं.

संस्कृती शाळेत गेली होती. मी त्या काचा पाटीत भरून आणल्या आणि ह्यांच्यासमोर ठेवल्या. विचारलं, "अहो, तुम्हाला कसली भीती वाटते?"

ह्यांनी पाटीतला एक दाणा उचलला. मग म्हणाले, "पान्यानं फोडली. शेडमध्ये."

"का?"

"साहेब विचारतो, धोका कोणापासून. मी काय सांगू? भीती वाटते, एवढंच मला सांगता येतं. कुणाची ते सांगता येत न्हाय. नाव नसलं तर ते खोटं समजतात. मग काहीतरी घडल्याशिवाय कोण ऐकणार?"

"आणि बिरूभाऊ?"

ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मी कुणाचं नाव घेतलं न्हाय, राजू. तू घेतलंस."

तात्या, काच ह्यांनी फोडली होती, पण बिरूभाऊंना बाकावर मी बसवलं होतं. कुणी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात पहिलं नाव त्यांचंच आलं. ज्यांच्या शेरडांचं दूध संस्कृतीला आजारपणात लागलं, त्यांचं. का आलं, ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. शेजारी दुसरेही होते. ह्यांचं दुसऱ्यांशीही वाजलं होतं. त्यांची नावं आली नाहीत.

आता होसपेटचं. ते मी तुमच्यापासून लपवलं, कारण ह्यांनी शपथ घातली होती. क्रशरच्या वाटेवर दोघांनी ह्यांची गाडी अडवली, बाहेर ओढलं, भर रस्त्यात गुडघ्यांवर बसवलं आणि थोबाडीत मारत राहिले. गळ्यातली साखळी आणि फोन घेऊन गेले. पिस्तूल शर्टाखाली कमरेला होतं. त्यांनी चाचपलंसुद्धा नाही. आणि ह्यांचा हात तिकडं गेला नाही. जागचा हललाच नाही म्हणाले. तक्रारही केली नाही. कमरेला हत्यार असून मार खाल्ला, हे कुणाला सांगणार? तिकडं मन रमत नाही म्हणून परत आलो, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही. पिस्तुलाचा हट्ट सुटत नव्हता तो ह्यामुळे. पुढच्या वेळी हात जाईल, असं ह्यांना वाटतं.

मी म्हणाले, "ठाण्यात तुम्ही जाता का मी जाऊ?"

हे उठले. मग शर्ट घातला. आम्ही दोघं गेलो. ह्यांनी सगळं सांगितलं. मीही सांगितलं, की मी काही बघितलं नव्हतं, भांडणातलं एक वाक्य तेवढं ऐकलं होतं. विजयसिंह हवालदार लिहून घेत होते. लिहिता लिहिता म्हणाले, "साहेब, त्या मानसाला आमी दोन दिवस हितं बसवून ठेवलं. तुमच्या शब्दावर."

खोट्या तक्रारीबद्दल आता कोर्टात उभं राहावं लागणार आहे. वकील म्हणतात, स्वतःहून सांगितलं हे बरं केलं. परवान्याचा अर्ज नामंजूर झाला. पिस्तूल परत मिळणार नाही, ते रीतसर विकावं लागेल. ऐकून हे म्हणाले, "जाऊ दे."

कुंपण ह्यांनी स्वतः काढलं. माणसं मदतीला आली तर त्यांना बाजूला उभं केलं. वाट मोकळी झाली आहे. पण बिरूभाऊ त्या वाटेनं येत नाहीत. शेरडं घेऊन लांबून, कॅनॉलच्या कडेनं वळसा घालून जातात. ह्यांनी त्यांना रस्त्यात गाठून हात जोडले. ते म्हणाले, "झालं ते झालं, दादा," आणि थांबले नाहीत.

मी सारजाबाईकडं गेले. तिनं आत ये म्हटलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून जे बोलायचं ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, तुमी तवा सांगितलं ते लोकांनी ऐकलं. आता सांगत्याय ते बी ऐकतील. पर तवाचं लई लवकर ऐकलं." स्वराली आत अभ्यासाला बसली होती. तिनं पुस्तकातून मान वर काढली नाही.

गल्लीत आता आमच्याकडं बघतात ते वेगळंच. दुकानात मी काही विचारलं, तर सांगणारा आधी विचार करतो, हिला सांगावं का. आणि त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

तात्या, तुम्ही या. एसटीनं या किंवा कळवा, हे गाडी घेऊन येतील. पण आधी बिरूभाऊंच्या घरी जा. तुम्ही हाक मारलीत तर ते बाहेर येतील. आमच्या सांगण्यावरून नका जाऊ, तुमचं तुम्ही जा. तिथं चहा घ्या, हवं तर जेवा. आमच्याकडं त्यानंतर या, आणि आलात की ह्यांना काही विचारू नका. नुसते शेजारी बसा. खंडेनवमीला जे बोलले, ते ह्यांच्या मनाला लागून आहे. तुमच्याही असेल.

हे पत्र चुलीत घालू नका. हे समोरच बसले आहेत, त्यांनी सगळं वाचलं आहे. खाली दोन ओळी लिहा असं मी म्हणाले, तर ह्यांनी पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं. म्हणाले, "तात्यांना तोंडानं सांगीन."

तुम्ही अजून म्हणत असाल तर, तुमचीच सून,
राजेश्वरी