फोकसवरची टेप

मंगळवार, अजून जेवलेही नाही

टेप मीच लावली. दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

अवकाश स्थानक आज कोथरूडच्या बरोब्बर डोक्यावरून जाणार होतं, आणि उद्यापासून वॉटरप्रूफिंगसाठी गच्ची बंद. म्हणून उजेड असतानाच दुर्बीण मांडली, तिला कॅमेरा जोडला, वारज्याकडच्या क्रेनवर फोकस केला आणि तो हलू नये म्हणून टेप चिकटवली. क्रेन कुठे, स्थानक कुठे! जवळचा फोकस लांबच्याला चालत नाही, इतकं साधं कसं सुचलं नाही? पुढे शुक्र दिसला तेव्हा वाटलं होतं, त्याच्यावर एकदा तपासावं. पण सोसायटीचे सेक्रेटरी काका दारात किल्ली वाजवत उभे. "आटपा मॅडम. अंतराळवीर चहाला थांबणार आहेत का?" टेपला हात लावलाच नाही.

स्थानक आलं. हातानेच दुर्बीण फिरवत शेवटपर्यंत धरून ठेवलं, एकदाही निसटू दिलं नाही. घरी येऊन पाहिलं, तर प्रत्येक फोटोत पिठाचा गोळा. ती टेप.

तेवढ्यात काकांचा मेसेज, फोटो पाठवा. नीट आलेला एकच होता, फोकस करताना काढलेला क्रेनच्या लोखंडी जाळीचा. तोच पाठवला आणि खाली लिहायला घेतलं, "काका, माझं चुकलं, ही तर". तोवर त्यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. "आपल्या गच्चीवरून टिपलेलं अवकाश स्थानक. जाळी न् जाळी स्पष्ट."

टाळ्या पडतायत. आत्ता त्यांनी मला वेगळं लिहिलंय, "वॉटरप्रूफिंगवाल्याला आठवडाभर थांबवतो. अजून काढा."

माझं वाक्य अजून अर्धंच आहे.