जर्मनची ताटली

६ नोव्हेंबर २०११, रविवार. मंचेरियल

मायच्या हातातून आज पुन्हा रक्त आलं. कढई घासत होती. हात पदराखाली लपवला, पण ओट्यावर ठिपका राहिलाच. डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वीच बजावलंय — साबणाचं पाणी बंद, नाहीतर ह्या भेगा भरायच्या नाहीत. मी कढई ओढून घेतली तर म्हणाली, "भांडे नाई घासू देशीन तं मी चालली बेल्लमपल्लीले, देवाजीकडं. कोनाच्या घरी फुकटची नाई बसत मी."

कोणाच्या घरी! पोटच्या पोरीचं घर ना हे?

देवाजीदादाच्या क्वार्टरात नऊ माणसं. तिथं गेली की ही पहाटेपासून मोरीवर बसणार आणि कोणी उठवणारही नाही. दादा चांगला आहे, पण त्याच्या लक्षात येत नाही. हात गेलेच मग.

धुण्याभांड्याला बाई लावू का, विचारलं. तर डोळे वटारले. "माहे हात फुटले ते पुरे नाई का? आता दुसऱ्या कोन्या माउलीचे फोडतं?" बत्तीस वर्षं खाणीच्या साहेब लोकांच्या बंगल्यांवर भांडी घासलेली बाई ती. बाईचा विषय मी तिथंच सोडला.

८ नोव्हेंबर

ह्यांनी एकदम तोड काढली. भांडी धुण्याचं मशीन! हैदराबादला दुकानात चालताना पाहून आलेत. "मशीनचे हात फुटत नाहीत," म्हणाले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, इतकं शहाणं वाक्य ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

९ नोव्हेंबर

मायला सांगितलं. मी आपली कौतुकानं म्हणाले, जर्मन मशीन आहे माय, एक नंबर.

"जर्मनची? मंग काय टिकते? जर्मनले लगेच पोचे पडते."

आम्ही दोघं हसून हसून बेजार. तिच्या लेखी जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, दुसरं काही नाही. जर्मनचं पातेलं, भाताचा जर्मनचा गंज. जर्मनी नावाचा देश आहे, तिथली कंपनी आहे, असं पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. "असन," म्हणाली. विश्वास बसला नाही.

हसले खरी, पण मग खिडकीकडं नजर गेली. तिथं तिची ताटली असते. जर्मनचीच. सोबत जर्मनचा गिलास. साहेबांच्या बंगल्यात मागच्या दाराशी हिच्यासाठी वेगळी ठेवलेली ती ताटली. काम सुटलं तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, घेऊन जा, आता इथं कोणाला लागणार आहे? आणि ही घेऊन आली! अकरा वर्षं माझ्या घरात त्याच ताटलीत जेवते, सगळ्यांची भांडी झाली की शेवटी वेगळी घासते, वेगळी खिडकीत ठेवते. किती भांडले. स्टीलचं ताट वाढून पुढं ठेवलं तर त्यातलं ताटलीत काढून घेते. "सवय हाय," एवढंच.

शाळेत मी मुलांना समतेचा धडा शिकवते. बाबासाहेबांची तसबीर त्याच भिंतीवर आहे, खिडकीच्या बाजूला. मला लाज वाटते. तिची नाही, माझी. अकरा वर्षांत माझ्याच्यानं एक ताटली हलली नाही.

१२ नोव्हेंबर, दुसरा शनिवार

मशीन आलं. आणि काय दिवस गेला!

मला धास्ती होती भिंत फोडावी लागते की काय. प्लंबर व्यंकटेश ओट्याखाली डोकं घालून बघून आला, म्हणाला, "गोडा फोडने की जरूरत नै मॅडम, सब है इधरीच." म्हणजे भिंतीला हातही लावायचा नाही. सिंकच्या नळाला जी लाइन येते तिथंच एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायची, टीला छोटा कॉक, कॉकला मशीनचा पाइप. घाण पाणी सिंकच्याच पाइपात सोडायचं. ओट्याखालचे पिठाचे डबे आणि मधली फळी काढली तर मशीन नेमकं बसलं. दोन बोटंही जागा उरली नाही. मायनं डबे उचलू दिले नाहीत, स्वतःच हलवले. पीठ हलवताना चेहरा असा, की घरातलं माणूस दुसऱ्या खोलीत झोपवतेय.

मग पाण्याची तऱ्हा. हे गच्चीवर टाकीच्या कॉकपाशी, व्यंकटेश ओट्याखाली. "थोडा खोलो साब!" ह्यांनी थोडा खोलला. टीमधून पाण्याची धार सुटली. व्यंकटेश ओरडला, "चालु! चालु!" गच्चीवर ह्यांना ऐकू आलं मराठी. चालू म्हणतोय म्हणून ह्यांनी कॉक पुरता फिरवला! व्यंकटेश आणखी जोरानं, "चालु सार, चालु!" — हे वरून, "पूर्ण चालू आहे!" खाली स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी, पोळपाट तरंगतोय.

शेवटी माय अंगणात धावली. वर तोंड करून, "जवाईबापू, बंद करा! त्याइचं चालू म्हंजे आपलं बस!"

तिचं उभं आयुष्य तेलुगु लोकांत गेलं. आमचे हे मूळचे महाराष्ट्रातल्या वणीकडचे, ह्यांच्या कानापर्यंत तेलुगु आली, पुढं सरकली नाही.

पाणी आम्ही चौघांनी मिळून काढलं. व्यंकटेशनं पांढरी टेप गुंडाळून टी पुन्हा आवळली, आता थेंबही नाही. माय पायरीवर बसून पदर तोंडाला लावून हसत होती. "बस म्हनते तं हे चालू करते," आणि परत हसू. किती महिन्यांनी हसली ती. मला इतकं हलकं वाटलं की ओल्या परकरानंच चहा टाकला.

१३ नोव्हेंबर, रविवार

पहिली भांडी लावली. माय मशीनसमोर पाट टाकून बसली, आत कोणी चोरी करतंय का बघायला. तासाभरानं दार उघडलं. ताटांवर पांढरा थर, पेले धुरकट!

"राख लावून इसळाची राह्यली का याची?" म्हणाली. आणि सगळी भांडी काढून, बँडेजच्या हातांनी, पुन्हा घासली. मी रडले. ह्यांना दिसू दिलं नाही.

१४ नोव्हेंबर

मायनं पिशवी भरली. बुधवारच्या गाडीनं देवाजीकडं जाते म्हणते.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून व्यंकटेशला फोन केला. म्हणाला, बोरचं पाणी जड आहे, त्याचाच थर बसतो, तो बसू नये म्हणून मशीनमध्ये मीठ घातलं का? मशीनसोबत आलेली मिठाची पिशवी मी फडताळात ठेवून दिली होती! सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही. मी मास्तरीण, मीच नाही वाचलं.

घरी आल्या आल्या मीठ घातलं. मायला तेही पटेना. "भांड्याइचं लोनचं घालतं का?"

ह्या वेळी दार उघडलं आणि मी बघतच राहिले. पेल्यातून पलीकडचं दिसत होतं. मायनं एक वाटी उचलली, आतून बोट फिरवलं, वास घेतला, उजेडाकडं धरली. बत्तीस वर्षांची नजर ती. दोषच काढायचा होता तिला. "तेल नाई राह्यलं," एवढंच म्हणाली. माझ्या जिवात जीव आला.

मग चहाच्या कपबशा मी लावायला घेतल्या तर मला बाजूला सारलं. "तुले लावता येत नाई. खोलगट खाली तोंड करून ठुवा लागते, नाईतं पानी साचते." खरकटं कुठं काढायचं, वाटी कोणत्या बाजूला कलती करायची, अर्ध्या तासात सगळं तिच्या हातात. मी मनात म्हटलं, जमलं! आता पिशवी सोडेल.

आणि तेव्हाच तिनं खिडकीतली ताटली आणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपणहून. "हे ठुवू का यात?"

मी म्हटलं, नको माय, ह्यात जर्मन चालत नाही. कागद आता पाठच झाला होता ना माझा!

"जर्मनच्या मशीनले जर्मन नाई चालत?"

मी सांगत राहिले — साबणाची पूड कडक असते, ती जर्मनला खाते, ताटली काळीठिक्कर पडेल. ती ऐकतच नव्हती. ताटलीकडं बघत होती. "म्हंजे इथंबी अलगच," म्हणाली. सिंकवर जाऊन ताटली घासली, खिडकीत ठेवली.

अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि मी त्याला सूचनापत्रक वाचून दाखवलं. मूर्ख बाई मी. काळी पडली असती तर पडली असती. पिशवी दाराशीच आहे.

१६ नोव्हेंबर, बुधवार

आंघोळ करून आले तर मशीन चालू. मायनं लावलं होतं. थांबल्यावर तिनंच दार उघडलं. मधोमध, आमच्या ताटांच्या रांगेत, तिची ताटली. कोळशासारखी काळी.

"तू सांगतलं होतं काळी पडन म्हून. आयकलं मी," म्हणाली. ताटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग त्याच रांगेतलं स्टीलचं एक ताट घेतलं, अजून गरम होतं, पदरानं धरलं. "साऱ्याइचं एकातच धुते ना हे? मंग माहं काऊन अलग?"

आमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवली. गाडी निघून गेली. तिचं लुगडं आता दांडीवर वाळतंय, पिशवी रिकामी आहे.